एमटीटीचं रीडिंग शून्याला टेकलं म्हणजे पेशी मेल्या का?

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यांनी निरोगी माणसाचं रक्त घेतलं, फायकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि कुठलंही उत्तेजक न घालता तीन दिवस आरपीएमआय या पोषक माध्यमात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी केली तर रीडिंग ब्लँकच्या, म्हणजे पेशी नसलेल्या नमुन्याच्या, जेमतेम वर. प्लेटच्या शेजारच्या वेलमध्ये (खळग्यात) पीएचए हे पेशींना उठवणारं प्रथिन घातलेल्या पेशी मात्र गडद जांभळ्या. ट्रिपॅन ब्लू हा फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग घालून पाहिलं तर न उठवलेल्या पेशींतल्या पाचातल्या चार स्वच्छ, म्हणजे जिवंत. गाइड म्हणतात, "मेल्यात, परत कर." ताई विचारतात: स्वस्थ बसलेली लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चयापचय करते की नाही? प्रथिनं बनवते की नाही? आणि तिला काही कामच नसेल तर बनवते कशासाठी?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पेशी जिवंत आहे का, हा पहिला. ती किती काम करते, हा दुसरा. आणि तुमची चाचणी यातलं नेमकं काय मोजते, हा तिसरा. तुमच्या गाइडनी तिसऱ्याचं उत्तर बघून पहिल्याचा निकाल लावला. मीही सुरुवातीला हेच करायचो. पंधरा-सोळा वर्षं लिम्फोसाइटमध्ये गेली, निम्मी पुण्यात आणि उरलेली इकडे धुळ्यात. धुळ्याच्या लॅबमध्ये आमचा एक शिरपूरकडचा टेक्निशियन होता. सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून तो रोज एकच विचारायचा, "सर, ह्या जपेल शेतस का मरेल?" जपेल म्हणजे झोपलेल्या. या विषयातला याहून नेमका प्रश्न मी कुठल्या परिषदेत ऐकलेला नाही.

आधी झोपेचं बघू. रक्तातली शांत टी-पेशी, लिम्फोसाइटचाच एक प्रकार, सहा ते आठ मायक्रॉनची, म्हणजे जवळजवळ तांबड्या पेशीएवढी. त्यात बहुतेक जागा केंद्रकाची, भोवती पेशीद्रवाची बारीक कड. ती विभाजन करत नाही, वाढत नाही, पण पंपांना सुट्टी नसते. आत शिरणारं सोडियम बाहेर फेकायचं, कॅल्शियम आवरायचं, आणि लसीका ग्रंथींतून सरपटत फिरायचं, हे चालूच असतं. यासाठीचं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, ती मुख्यतः मायटोकाँड्रियात काढते. ग्लुकोज, थोडी मेदाम्लं, थोडं ग्लुटामिन, सगळं शेवटपर्यंत जाळायचं. एका ग्लुकोजपासून तीसेक एटीपी मिळतात. जागी झालेली पेशी याच्या उलट वागते. ऑक्सिजन भरपूर असताना ती ग्लुकोज अर्धवट तोडून लॅक्टेट बाहेर टाकते. एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी, पण काम झपाट्याने होतं आणि वाटेतले तुकडे नवी पेशी बांधायला वापरता येतात. ओटो वारबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत हा प्रकार १९२० च्या दशकात दाखवला होता. टी-पेशी तेच करते, पण काम संपलं की थांबते.

आता प्रथिनांचं. इथे मला आमच्याकडची जिनिंग आठवते. धरणगाव, चोपडा, बोदवड या पट्ट्यात दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंग रात्रंदिवस धडधडते. श्रावणात जाऊन बघाल तर बाहेरून कुलूप. आत मात्र फिटर बसलेला असतो. रोलरचं चामडं तपास, बेअरिंगला ग्रीस लाव, उंदरांनी खाल्लेला पट्टा बदल. आणि एक बोंडही आलेलं नसताना वीजबिल येतंच, कारण त्यात स्थिर आकार असतो. शांत पेशीचं प्रथिननिर्मितीचं बिल म्हणजे हा स्थिर आकार. थोडा आहे, पण शून्य कधीच नाही. मोडलेली, जुनी झालेली प्रथिनं बदलावीच लागतात, कारण माणसाची रोगजंतूचा अनुभव न घेतलेली टी-पेशी कित्येक वर्षं जगते आणि तिच्यातली बहुतेक प्रथिनं तेवढी टिकत नाहीत.

पण जिनिंगची उपमा इथे संपते, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. कुलूप लावलेली जिनिंग आपोआप बंद राहते. टी-पेशी आपोआप शांत राहत नाही. तिला गप्प बसवणारी प्रथिनं आहेत. केएलएफ२ आणि फॉक्सओ१ ही जीन चालू-बंद करणारी, टीएससी१ हे वाढीच्या एमटॉर मार्गावर पाय देऊन उभं असलेलं, आणि बीटीजी१, बीटीजी२ ही संदेशवाहक आरएनएची शेपटी कुरतडून त्यांची संख्या कमी ठेवणारी. उंदरांतून टीएससी१ काढून टाकलं तर टी-पेशींची शांतता मोडते आणि त्या लवकर मरतात. म्हणजे विश्रांती ही इंधन संपल्याची अवस्था नव्हे, ती धरून ठेवलेली अवस्था आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बेलिन्झोनाच्या गटाने २०२० मध्ये माणसाच्या टी-पेशींत प्रत्येक प्रथिन किती वेगाने बनतं आणि किती वेगाने मोडतं हे मोजलं. जड समस्थानिक असलेली अमिनो आम्लं माध्यमात घालायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरने जुनं-नवं वेगळं करायचं, अशी पद्धत. त्यात दिसलं की शांतता राखणाऱ्या काही ट्रान्सक्रिप्शन घटकांची (जीन चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची) उलाढाल सतत जोरात चालू असते: बनव, मोड, परत बनव. वरवर हा वेडेपणा वाटतो. कामच नाही तर एवढी उधळपट्टी कशाला? कारण असं आहे की ब्रेक जर टिकाऊ प्रथिनाचा असेल तर तो सोडवायला दिवस लागतील. ब्रेक अल्पायुषी असेल तर नवा बनवणं थांबवलं की तो आपसूक विरघळतो आणि पेशी सुटते. तुमच्या "बनवते कशासाठी" या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच. शांत पेशी प्रथिनं बनवते त्यातली काही गप्प राहण्यासाठीच.

उरलेलं निम्मं तयारीचं. त्याच कामात दिसलं की शांत पेशीत रायबोसोम, म्हणजे प्रथिनं विणणारी यंत्रं, भरपूर असतात, पण त्यातले बरेच रिकामे बसलेले. २४२ प्रकारचे संदेशवाहक आरएनए आधीच लिहून ठेवलेले, पण वाचू न दिलेले. आणि ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज अर्धवट तोडण्याच्या, एन्झाइमांचा साठा आत तयार. संकेत आला की नव्याने जीन उघडून, आरएनए लिहून मग सुरुवात, इतका वेळ घालवायचा नाही. स्टेशनात गाडी यायच्या आधी जास्तीचं इंजिन जसं चालू ठेवून उभं केलेलं असतं, तसं.

चयापचय आणि प्रथिननिर्मिती या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असं पाठ्यपुस्तकात वाटतं, पण आत त्या एकाच टेबलावर बसतात. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं साधं एन्झाइम, तुम्ही ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) लोडिंग कंट्रोल म्हणून वापरता तेच. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की सक्रिय टी-पेशीत ग्लायकोलिसिस मंद असेल तर मोकळं राहिलेलं जीएपीडीएच इंटरफेरॉन-गॅमा या रोगप्रतिकारातल्या प्रथिनाच्या आरएनएला चिकटतं आणि त्याचं भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणं, अडवतं. ग्लायकोलिसिस सुरू झालं की एन्झाइम आपल्या मूळ कामाला लागतं आणि आरएनए सुटतो. आणि खर्चाचा हिशेब बघा. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला चार उच्च-ऊर्जा बंध लागतात, दोन ते टीआरएनएवर (अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत आणणारा रेणू) चढवताना आणि दोन रायबोसोमवर. पाचशे अमिनो आम्लांचं मध्यम प्रथिन म्हणजे दोन हजार. त्यात कच्चा मालही बाहेरून यायला हवा. ल्युसीन आत घेणारा एसएलसी७ए५ हा वाहक शांत पेशीत अगदी कमी असतो, जागं झाल्यावर वाढतो, आणि तो नसेल तर उंदराची टी-पेशी संकेत मिळूनही वाढत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे इथपर्यंत: चयापचय आहे, बहुतेक मायटोकाँड्रियातलं. प्रथिननिर्मिती आहे, थोडी, पण निवडक. आता तुमच्या प्लेटकडे येऊ, कारण तिथे मला वेगळीच शंका आहे.

तुम्ही पेशी तीन दिवस "काहीही न घालता" ठेवल्या. शरीरात शांत टी-पेशी काहीही न मिळता कधीच राहत नाही. लसीका ग्रंथीतल्या पेशी तिला सतत आयएल-७ हा जगण्याचा संकेत देणारं प्रथिन पुरवतात, आणि आपल्याच रेणूंना हलका स्पर्श करत ती जगते. हे काढून घेतलं की पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्लुकोजचा दरवाजा, ग्लुट१, कमी होतो. भोवती ग्लुकोज असूनही ती घेत नाही, आक्रसते आणि हळूहळू मरते. हे २००० मध्येच दाखवलं गेलं होतं, आणि आरपीएमआयमध्ये तर ग्लुकोज ११ मिलिमोलर असतं, रक्ताच्या दुप्पट. ताटात वाढलेलं आहे, पण हात पुढे करायला कोणी सांगत नाही. म्हणून तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या पेशी मला विश्रांतीतल्या वाटत नाहीत, उपाशी वाटतात. मेलेल्याही नाहीत. पण "शांत पेशीचा चयापचय" या मथळ्याखाली हे आकडे टाकू नका. शांत पेशी मोजायची तर वेगळी केल्यावर काही तासांत मोजा. नाहीतर आयएल-७ मिलीला पाच-दहा नॅनोग्रॅम घालून ठेवा आणि तसं लिहा. तेही पूर्ण निरागस नाही, थोडा एमटॉर हलतोच. माध्यमात घालायच्या सीरमची बॅचसुद्धा पेशींना किंचित डिवचू शकते. कुठली पद्धत बरोबर, हे तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ठरतं.

एमटीटीबद्दल. १९८३ मध्ये ती आली ती मुख्यतः वाढणाऱ्या, जिवंत पेशींची गणती म्हणून. एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करतात ते पेशीतले एनएडीएच-एनएडीपीएच वापरणारे रिडक्टेज. शांत लिम्फोसाइट लहान, तिच्यात हे कमी, त्यामुळे वेलमध्ये एक लाख पेशी टाकल्या तरी रंग नावापुरता येतो. त्यात एक मेख आहे. फायकॉलवर जमणाऱ्या पेशींच्या थरात, म्हणजे ढगात, लिम्फोसाइटबरोबर मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही येतात, साधारण दहा ते वीस टक्के, आणि त्या एमटीटी छान जांभळी करतात. म्हणजे थोडं रीडिंग आलं असतं तरी ते लिम्फोसाइटचं होतं असं छातीठोक सांगता आलं नसतं. प्लास्टिकवर तासभर चिकटू देऊन त्या काढता येतात. चुंबकीय मण्यांनी टी-पेशी वेगळ्या करणार असाल तर नको असलेल्या पेशी पकडणारा किट घ्या. सीडी३ ला, म्हणजे टी-पेशीला जागं करणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूला, पकडणारे मणी म्हणजे झोपलेल्याच्या कानाशी ताशा.

खरी प्रथिननिर्मिती बघायची तर प्युरोमायसिन. हे औषध टीआरएनएच्या टोकासारखं दिसतं, रायबोसोम फसतो आणि अर्धवट साखळीला ते चिकटून सुटतं. थोडा वेळ, दहा-पंधरा मिनिटं द्यायचं आणि प्युरोमायसिनच्या अँटिबॉडीने मोजायचं. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं यंत्र) असेल तर प्रत्येक प्रकारची पेशी वेगळी बघता येते. त्यावरच बेतलेली सिनिथ नावाची पद्धत २०२० मध्ये आली. तिच्यात मायटोकाँड्रिया आणि ग्लायकोलिसिस आळीपाळीने बंद करून प्रथिननिर्मिती किती पडते ते बघतात आणि त्यावरून पेशी कशावर जगते हे काढतात. शांत पेशींसाठी मला ती सीहॉर्स या पेशींचा ऑक्सिजन खर्च मोजणाऱ्या यंत्रापेक्षा सोयीची वाटते. सीहॉर्समध्ये शांत टी-पेशींचा ऑक्सिजन खर्च इतका कमी असतो की वेलमध्ये पेशी कोंबाव्या लागतात आणि तळाला चिकटवाव्या लागतात. फ्लो नसेल तर प्युरोमायसिनचा वेस्टर्न ब्लॉट चालतो. पण एक नमुना हॅरिंगटोनिन आधी देऊन ठेवा. त्याने रायबोसोम सुरुवातच करत नाही, म्हणून तिथे जे दिसेल ती नुसती घाण.

या ब्लॉटने माझी एकदा चांगलीच फजिती केली. नंदुरबार, धडगावकडे सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, त्या रुग्णांच्या लिम्फोसाइट आम्ही तपासत होतो. न उठवलेल्या पेशींतच प्युरोमायसिनची पट्टी अशी दणदणीत आली की मी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. सिकलसेलमध्ये टी-पेशी विश्रांतीतही जाग्या असतात, असा मथळा डोक्यात तयार. दोन गोष्टी खटकत होत्या. सगळा डाग पट्टीच्या तळाशी, पंधरा किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) खाली एकवटलेला होता. आणि फायकॉलचा ढग पांढरा नव्हता, फिक्या डाळिंबी छटेचा होता. शेवटी त्या टेक्निशियननेच न्यू मेथिलीन ब्लू लावून काच पुढे सरकवली. निळं जाळं असलेल्या पेशी भरपूर. रेटिक्युलोसाइट! या रुग्णांत त्या वाढलेल्या असतात आणि हलक्या असल्याने ढगातच राहतात. केंद्रक नाही, पण रायबोसोम शिल्लक, आणि दिवसभर हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन विणत बसतात. ग्लोबिनची पूर्ण साखळी सोळा किलोडाल्टनच्या आसपास, अर्धवट असेल तर त्याखाली. माझा सगळा शोध तांबड्या पेशींच्या पोरांचा होता. तेव्हापासून ढगाचा रंग मी वहीत लिहून ठेवतो. साध्या तांबड्या पेशीसुद्धा निरुपद्रवी नाहीत. त्यांना मायटोकाँड्रिया नाही, त्या फक्त लॅक्टेट ओततात, आणि तुम्हाला वाटतं लिम्फोसाइट ग्लायकोलिसिस करतात.

आणि उन्हाळा, ताई. तुमचा प्रयोग मे महिन्यात झाला असेल तर हेही बघा. फायकॉलची १.०७७ घनता वीस अंशांच्या आसपासची आहे. एसी बंद पडलेल्या खोलीत माध्यम पातळ होतं आणि लिम्फोसाइट त्यातून खाली निसटतात. त्याहून वाईट म्हणजे प्रवास. एकदा तालुक्याहून नमुने एसटीने आले, डबा ड्रायव्हरच्या मागे काचेशी ठेवलेला, बाहेर पंचेचाळीस अंश. त्या पेशी ट्रिपॅन ब्लूत सुंदर दिसल्या. प्युरोमायसिनमध्ये मात्र जवळजवळ गप्प, कारण उष्णतेच्या धक्क्यात पेशी नेहमीची प्रथिननिर्मिती आवरते आणि हीट शॉक प्रथिनांना पुढे करते. मी त्या विश्रांतीच्या गटात मोजल्या असत्या. बर्फावरही ठेवू नका. खोलीच्या, म्हणजे खऱ्या खोलीच्या तापमानाला, आणि काही तासांत फायकॉलवर चढवा. रात्रभर राहिलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट या तिसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही ढगात घुसायला लागतात.

गाइडशी वाद घालण्यापेक्षा एक प्लेट लावा. तिसऱ्या दिवसाच्या त्या "मेलेल्या" पेशींतल्या निम्म्या वेलमध्ये आता पीएचए घाला, मिलीला पाच मायक्रोग्रॅम, आणि ताजं माध्यम. पीएचए हे राजम्यातलं प्रथिन. तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढायला ते रक्तात घालत असत. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की त्याने लिम्फोसाइट विभाजन करायला लागतात. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं की लहान लिम्फोसाइट ही आयुष्य संपत आलेली, पुढे कुठेही न जाणारी पेशी आहे. तुमच्या गाइडची चूक तशी जुनी आणि प्रतिष्ठित आहे.

मोनोसाइट काढल्या असतील तर थोड्या परत घाला, त्यांच्याशिवाय पीएचएचा जोर चालत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ताज्या पेशींइतकं उठणार नाही, तीन दिवसांची उपासमार झाली आहे. पण द्राक्षाच्या घडासारखे पुंजके आणि त्यात दुप्पट व्यासाच्या पेशी दिसल्या, तर प्लेट तशीच उचलून गाइडच्या टेबलावर न्या. नाही दिसल्या तर कदाचित ते बरोबर होते, आणि पुढच्या वेळी आयएल-७ मागवताना शीतसाखळीची बर्फाची पेटी जळगाव स्टँडवर स्वतः जाऊन घ्या.